मॅकबेथचा नकार किती वेळ टिकला?

पंगत अजून उठलेली नाही. मशाली, ताटं, पेले घेऊन नोकर लगबगीने रंगमंच ओलांडून जातात आणि मागे उरलेल्या मोकळ्या जागेत घरधनी एकटाच येऊन उभा राहतो. आत जेवायला बसलेला पाहुणा साक्षात स्कॉटलंडचा राजा, डंकन. त्याला ताटावर सोडून यजमान बाहेर का आला? राजाने तशी चौकशीही केली आहे. ती आपल्याला थोड्या वेळाने यजमानाच्या बायकोकडून कळते.

शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकातला हा सातवा प्रवेश. नाटक १६०६च्या सुमाराचं, छापून आलं १६२३ साली, लेखक गेल्यानंतर सात वर्षांनी. त्याच्या शोकांतिकांत हे सर्वांत आटोपशीर, आणि हा प्रवेश तर ऐंशीच्या आसपास ओळींचा. एवढ्यात मॅकबेथ राजाच्या खुनाच्या बेताबद्दल 'हे काम आता पुढे न्यायचं नाही' असं बायकोला स्पष्ट सांगतो आणि प्रवेश संपायच्या आत 'माझं ठरलं' म्हणून मोकळा होतो. मधे बाहेरून काहीही घडत नाही. कुणाचा निरोप येत नाही, चेटकिणी येत नाहीत, राजाकडून अपमान होत नाही. नवरा-बायको बोलतात, एवढंच.

महत्त्वाकांक्षेने मॅकबेथला पापाकडे ढकललं, हे उत्तर परीक्षेत चालतं, गुणही पूर्ण मिळतात. अडचण अशी की तो नकार देतो तेव्हा त्याची महत्त्वाकांक्षा जेवढी असते तेवढीच होकार देतानाही असते. मग मधल्या ओळींत बदललं काय? या एका संभाषणाचं प्रकरण अभ्यासाला घेतलं ते यासाठी.

आधी काय झालं होतं

थोडक्यात सांगतो. बंडखोर मॅकडॉनवॉल्डला मॅकबेथने रणांगणात बेंबीपासून जबड्यापर्यंत चिरलं, आणि त्याबद्दल राजासमोर त्याची वाहवा झाली. परतताना तीन चेटकिणींनी त्याला तीन नावांनी हाक मारली: ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार, आणि पुढे होणारा राजा. पहिली पदवी त्याची होतीच. दुसरी दोन-चार मिनिटांत चालून आली, कारण कॉडॉरचा आधीचा सरदार फितूर निघाला होता आणि त्याची पदवी राजाने मॅकबेथला दिली. तिसरीबद्दल चेटकिणींनी 'खून कर' असं कुठेही म्हटलेलं नाही. खुनाचं चित्र मॅकबेथच्याच डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि ते पाहून त्याच्याच अंगावर काटा येतो. 'नशिबात असेल तर नशीबच मुकुट घालेल', असं म्हणून तो ते बाजूला सारतो. मग राजा आपल्या थोरल्या मुलाला, माल्कमला, वारस जाहीर करतो, आणि त्याच रात्री मॅकबेथच्या इन्व्हर्नेसच्या किल्ल्यात मुक्कामाला यायचं ठरवतो. वाट अडली आणि संधी चालून आली, दोन्ही एका दमात.

या प्रसंगात शेक्सपियरने काय ठेवलं यापेक्षा काय काढून टाकलं, ते मला जास्त बोलकं वाटतं. कथा त्याने राफाएल हॉलिनशेडच्या बखरीतून उचलली. त्या बखरीतल्या मॅकबेथकडे एक रास्त तक्रार आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे वारस अल्पवयीन असेल तर गादीवर जवळच्या नातलगाचा हक्क, आणि राजाने मुलाला वारस करून तो हक्क बुडवला. तिथला डंकन मवाळ, राज्य हाताळायला ढिला. मॅकबेथच्या जोडीचा सरदार बँको तर कटात सामील. शिवाय तिथला मॅकबेथ राजा झाल्यावर दहा वर्षं राज्य चांगलं चालवतो. खरा इतिहास आणखी वेगळा: डंकन १०४० साली लढाईत पडला आणि मॅकबेथने १०५७पर्यंत सतरा वर्षं राज्य केलं. झोपेतल्या राजाचा खून, दारू पाजून झोपवलेले सेवक, नवऱ्याला भरीस घालणारी बायको, हे सगळं त्याच बखरीतल्या दुसऱ्याच एका हत्येतून आणलेलं आहे. राजा डफ आणि त्याला मारवणारा डॉनवॉल्ड यांच्या.

बँकोला निर्दोष ठेवण्यामागे व्यवहार असू शकतो. १६०३पासून इंग्लंडच्या गादीवर असलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत होता. पण मॅकबेथची तक्रार का काढली? ती ठेवली असती तर खुनाला निदान एक कारण मिळालं असतं, हक्काचं. नाटकातला मॅकबेथ वारसाचं नाव ऐकून चरफडतो खरा, पण 'हे माझं होतं' असं एकदाही म्हणत नाही. लेखकाने त्याच्या हातातली शेवटची सबब काढून घेतली आणि मग त्याला त्या रिकाम्या दालनात एकटं उभं केलं.

एकट्याचा हिशेब

तिथे तो जे स्वगत बोलतो, ते अठ्ठावीस ओळींचं आहे. करून टाकलं की संपलं, असं असेल तर झटपट उरकलेलं बरं, अशी सुरुवात. इथल्या इथे जर सगळं निस्तरत असेल, तर परलोकाचं काय ते बघून घेऊ, असंही तो म्हणून जातो. पण लगेच स्वतःलाच अडवतो. निवाडा इथेच होतो. आपण रक्तपाताचे धडे दिले की शिकणारे ते आपल्यावरच गिरवतात; विषाचा पेला आपण भरला तरी तो फिरून आपल्याच ओठाला लागतो.

इथपर्यंत ही फक्त भीती आहे, पकडले जाण्याची. मग तो एकेक पायरी वर चढत जातो. राजा माझा नातलग. मी त्याचा चाकर. मी त्याचा यजमान. मारेकरी आला तर दार लावून घ्यायचं माझं काम, आणि सुरी मीच धरायची? शिवाय हा राजा असा सालस, कारभारात इतका स्वच्छ, की त्याचे गुण देवदूतांसारखे तुताऱ्या फुंकत या कृत्याविरुद्ध ओरडतील. आणि मग ते चमत्कारिक चित्र: दया, नुकत्याच जन्मलेल्या उघड्या बाळासारखी, वादळावर स्वार झालेली.

खुनाच्या विरुद्ध इतकी चोख बाजू या नाटकात दुसरं कुणीही मांडत नाही. डंकनचे मुलगेही नाही, पुढे मॅकबेथवर उलटणारा सरदार मॅकडफही नाही. ती मांडतो खुनीच. उलट बाजूला काय आहे? 'माझ्या बेताला टाच मारायला माझ्याकडे काही नाही, फक्त महत्त्वाकांक्षा आहे,' असं तो म्हणतो. घोड्यावर बसायला म्हणून उडी घ्यावी, ती जास्त व्हावी आणि खोगिराच्या पार पलीकडे पडावं, तशी ही महत्त्वाकांक्षा. 'पलीकडच्या' या शब्दाशी वाक्य तुटतं, पुरं होतच नाही, कारण बायको आत येते.

महत्त्वाकांक्षेने माणूस आंधळा होतो, असं आपण सहज म्हणून जातो. मॅकबेथला त्या क्षणी सगळं लख्ख दिसतं आहे. पाप दिसतं, परिणाम दिसतो, स्वतःची उडी कुठे पडणार तेही दिसतं. हिशेब पुरा झाला आहे आणि उत्तर 'नको' असं आलं आहे.

बायकोला सांगितलेलं कारण

'आपण हे काम आता पुढे न्यायचं नाही,' तो म्हणतो. आणि कारण देतो: राजाने नुकताच माझा सन्मान केलाय, लोकांत माझं नाव झालंय, ही नवीकोरी झळाळी अंगावर मिरवायची सोडून इतक्यात का फेकून द्यायची?

थांबून हे परत वाचावं. यात नातलग कुठे गेला? यजमान कुठे गेला? ते बाळ? अर्ध्या मिनिटापूर्वी ज्याला देवदूतांच्या तुताऱ्या ऐकू येत होत्या, तो माणूस आता कपड्यांच्या भाषेत बोलतो आहे. 'हे पाप आहे' असं तो बायकोला सांगतच नाही. माझ्या मते हे प्रकरण इथेच हातचं गेलं, तिने तोंड उघडायच्या आधी. खरं कारण बोलायची त्याला लाज वाटली असावी; भित्रं दिसेल म्हणून असेल, किंवा या घरात तसं बोलायची रीतच नसेल म्हणून. मग त्याने त्यातल्या त्यात चारचौघांत शोभेल असं कारण पुढे केलं: आत्ता नको, प्रतिष्ठेला बरं दिसणार नाही. पण प्रतिष्ठेच्या कारणाला प्रतिष्ठेनेच उत्तर देता येतं, आणि बायको त्यात त्याच्यापेक्षा तरबेज आहे.

ती त्याचाच कपडा पकडते. 'ज्या आशेने तुम्ही नटला होतात, ती दारू प्यायली होती का? झोपून उठली आणि आता कालचं आठवून तोंड फिक्कं पडलं?' आणि मग: 'आजपासून तुझं माझ्यावरचं प्रेमही मी असलंच धरते.' मी मुद्दाम 'तुम्ही' आणि 'तू' असं वेगळं लिहिलं आहे. मूळ इंग्रजीत ती एकाच भाषणात 'यू' सोडून 'दाउ'वर येते आणि पुढच्या भाषणात परत 'यू'वर जाते. तेव्हाच्या इंग्रजीत हा फरक जिवंत होता, आणि बोलता बोलता नवऱ्याला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला कुणी समजावून सांगायला नको. त्या 'तू'त लाड नाही. जन्मभर स्वतःच्याच नजरेत भेकड म्हणून जगणार का, हा प्रश्न ती त्या 'तू'च्याच सुरात विचारते, आणि वर म्हणीतल्या त्या मांजराची आठवण करून देते, ज्याला मासा हवा असतो पण पाय भिजवायचे नसतात.

आता तो खरा बचावाला उभा राहतो. 'पुरे. जे पुरुषाला शोभतं ते सगळं करायची माझी छाती आहे. त्यापुढे जाण्याची जो छाती करतो, तो पुरुष नव्हेच.'

हे भाषांतर चुकलं आहे, आणि मी ते जाणून चुकवलं आहे. मूळ शब्द आहे 'मॅन'. या एका शब्दात आपले दोन शब्द दडलेले आहेत, 'माणूस' आणि 'मर्द'. मॅकबेथच्या मनात इथे 'माणूस' आहे: माणसाला शोभेल तेवढं करीन, त्यापलीकडे गेलो तर माणूस उरणार नाही. एकट्याने केलेला सगळा हिशेब त्याने या दोन ओळींत आणून ठेवला आहे, आणि त्या रात्री त्याच्या तोंडून निघालेलं हे एकच धड वाक्य आहे.

ती उत्तर देते ते पहिल्यांदा त्याच्याच अर्थाने. 'मग हा बेत माझ्याजवळ बोललात तेव्हा कोणतं जनावर होतं ते?' माणूस नाही तर जनावर, बरोबर. आणि पुढच्याच वाक्यात, श्वास न घेता, अर्थ बदलते: 'करायची छाती होती तेव्हा तुम्ही मॅन होतात.' इथे 'माणूस' म्हणून चालतच नाही, 'मर्द' म्हणावं लागतं. इंग्रजीत शब्द तोच राहतो म्हणून सांधा दिसत नाही. मराठीत आणायला गेलं की भाषांतरकाराला तिथेच ठेच लागते, कारण नवरा एका शब्दात बोलतोय आणि बायको दुसऱ्या. मॅकबेथला ही अदलाबदल कळली नाही, की कळूनही तो तिच्यामागे गेला, हे नाटक सांगत नाही. रणांगणावर माणूस चिरल्याबद्दल ज्याला सन्मान मिळतो, त्याच्याकडे या दोन शब्दांत फरक करायची सवय तरी किती असणार?

मग ती सगळ्यांना पाठ असलेली भयानक शपथ: मी पाजलेलं आहे, दूध पिणाऱ्या बाळावरची माया मला ठाऊक आहे, पण तुम्ही घेतलीत तशी शपथ मी घेतली असती, तर हसणाऱ्या त्या तोंडातून स्तन ओढून घेऊन त्याचं डोकं फोडलं असतं. मॅकबेथच्या स्वगतातलं बाळ तिने ऐकलेलं नाही. तरी ती नेमकं बाळच मारते.

यावर तो काय बोलतो?

'आपण फसलो तर?'

नकार इथे संपला. मोजून पाहिलं तर 'पुढे न्यायचं नाही' पासून इथपर्यंत तीसच्या आत ओळी भरतात. 'करावं का' हा प्रश्न गेला आणि 'जमेल का' हा प्रश्न आला, आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणं फार सोपं असतं. ती योजना सांगते: राजाच्या खोलीतल्या दोन सेवकांना भरपूर दारू पाजू, ते डुकरासारखे पडतील. त्यापुढचा तपशील कोण भरतं ते पाहण्यासारखं आहे. त्याच सेवकांच्या सुऱ्या वापरू, त्यांनाच रक्त फासू, म्हणजे आळ त्यांच्यावर जाईल, हे मॅकबेथ सुचवतो. कामाला लागलेल्या माणसाचा उत्साह आहे त्या वाक्यात. बायकोने नवऱ्याला नासवलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही ओळ पुन्हा बघावी.

आणखी एक गोष्ट. मुकुट मिळाल्यावर त्याचं काय करायचं, हे या साऱ्या बोलण्यात कुठेच येत नाही. राज्य कसं चालवू, कुणाचं भलं करू, निदान चैन काय करू, काहीच नाही. बायको मुकुटाला 'आयुष्याचा दागिना' म्हणते, आणि तेवढंच त्याचं वर्णन. ज्या वस्तूचा उपयोग दोघांनाही सांगता येत नाही, तिच्यासाठी खून होतो आहे. आणि खून होतो आहे तो त्या वस्तूसाठीही कमीच, नवऱ्याचं मर्दपण शाबीत करण्यासाठी जास्त.

तीच भविष्यवाणी ऐकलेला दुसरा

बँकोनेही चेटकिणी पाहिल्या. त्यालाही सांगितलं गेलं की तुझे वंशज राजे होतील. त्याच रात्री तो अस्वस्थ आहे, झोप येत नाही, मनात वाईट विचार येतात म्हणून देवाला आळवतो. मॅकबेथ आडून विचारतो, माझ्या बाजूने राहिलास तर तुझा मान वाढेल. बँको म्हणतो, वाढवायला जाऊन आहे तो गमवावा लागणार नसेल, मन मोकळं आणि निष्ठा स्वच्छ राहणार असेल, तर ऐकेन. राजनिष्ठेचं जे कारण मॅकबेथने बायकोपासून लपवलं, ते बँको मोठ्याने बोलून टाकतो. अर्थात त्यालाही फार वर चढवायला नको. खुनानंतर त्याला दाट संशय येतो, 'यासाठी तू घाणेरडा डाव खेळलास' असं तो स्वतःशी पुटपुटतो, आणि गप्प बसतो. आपल्या वंशजांची भविष्यवाणीही खरी ठरेल या आशेने.

शब्द पुढे कुठे कुठे गेला

खून रंगमंचावर होत नाही. मॅकबेथ बाहेर येतो तेव्हा दोन्ही सुऱ्या त्याच्याच हातात आहेत. योजनेप्रमाणे त्या आत ठेवायच्या होत्या. ज्याने हा तपशील सुचवला तोच तो विसरला. आत झोपेतून जागे झालेल्या दोघांपैकी एकाने 'देव आमचं भलं करो' म्हटलं आणि आपल्याला 'आमेन' म्हणता आलं नाही, घशात अडकलं, हेच तो परत परत सांगत राहतो. सुऱ्या परत ठेवायला बायको जाते. 'झोपलेला तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं,' हे तिने त्याआधीच म्हणून ठेवलेलं आहे. बाळाचं डोकं फोडायची भाषा करणारीलाही एक चेहरा आडवा आला होता. दार ठोठावल्याचा आवाज येतो आणि मॅकबेथ म्हणतो, 'तुझ्या ठोठावण्याने डंकन जागा झाला तर बरं होईल.'

सकाळी तो त्या दोन सेवकांनाही मारून टाकतो. हे ठरलेलं नव्हतं, आणि यासाठी बायकोला काही बोलावं लागलेलं नाही.

बँकोला मारायला तो दोन माणसं बोलावतो. ती म्हणतात, 'आम्ही माणसं आहोत, महाराज.' मॅकबेथ उत्तर देतो, हो, यादीत तुमची नावं माणसं म्हणून असतात, जशी कुत्र्यांच्या यादीत शिकारी कुत्रं आणि गावठी कुत्रं दोन्ही असतात. तुम्ही कुठल्या जातीचे, ते दाखवा. बायकोने त्याच्यावर वापरलेलं हत्यार आता त्याच्या हातात सराईतपणे बसलं आहे. या वेळी मात्र तो तिला काही सांगत नाही. लाडाने म्हणतो, तुला ठाऊक नसलेलंच बरं. मेजवानीत बँकोचं भूत दिसल्यावर ती पुन्हा तोच प्रश्न टाकते, 'तुम्ही मर्द आहात का?' आणि तो या वेळी चालत नाही.

मॅकडफच्या बायको-मुलांना मारायचं ठरवताना आधीसारखा हिशेब नाही. मनात आलं की हाताने करायचं, असं तो स्वतःला बजावतो. ती बातमी मॅकडफला इंग्लंडमध्ये कळते. माल्कम त्याला म्हणतो, 'मर्दासारखा याला तोंड दे.' मॅकडफ म्हणतो, 'देईनच. पण माणसासारखं ते मला आधी सोसलंही पाहिजे.' मूळात दोन्हीकडे पुन्हा तोच 'मॅन'. मॅकबेथला त्या रात्री जे उत्तर सापडलं नाही, ते चौथ्या अंकात दुसऱ्याच कुणाच्या तोंडी येतं.

पाचव्या अंकाच्या शेवटी मॅकबेथसमोर मॅकडफ उभा राहतो आणि सांगतो की मी आईच्या पोटातून अवेळी फाडून काढलेलं मूल आहे. बाईच्या पोटी जन्मलेला कुणीही तुला इजा करू शकणार नाही, हे चेटकिणींकडून मिळालेलं अभय तिथे गळून पडतं. मॅकबेथ म्हणतो, माझ्यातला मर्दच खचला. आणि मग पुन्हा एकदा स्वच्छ नकार देतो: 'मी तुझ्याशी लढणार नाही.'

'मग शरण ये, भेकडा,' मॅकडफ म्हणतो. तुझं चित्र खांबावर टांगू, खाली लिहू, इथे जुलमी पाहायला मिळेल.

हा नकार त्या पहिल्याइतकाही टिकत नाही. पुढच्याच भाषणात मॅकबेथने ढाल पुढे धरलेली असते.